लागेलकाका

डोंबिवली असो की कोथरूड, प्रत्येक सोसायटीत एक चेअरमन असतो, एक चेअरमनशी भांडणारा असतो आणि एक लागेलकाका असतात. पहिले दोघे निवडणुकीनं बदलतात, लागेलकाका तहहयात. त्यांची ओळख जिन्यात पटते. तुम्ही कचऱ्याची बादली घेऊन उतरत असता, ते चढत असतात. नजर तुमच्याकडे नाही, बादलीकडे. "टाकताय?" एवढंच विचारतात. आपण मुद्देमालासह सापडल्यासारखे जागीच थांबतो. काका बादलीतून जॅमची रिकामी बाटली उचलतात, उजेडात धरून बघतात आणि निकाल देतात, "लागेल."

काकांची सगळी हयात सरकारी कचेरीत गेली. त्यामुळे बडतर्फी हा शब्द त्यांना सहन होत नाही. त्यांच्या घरात वस्तू टाकली जात नाही, तिची बदली होते. टूथब्रशचीच सेवापुस्तिका बघा. पहिली नेमणूक दातांवर. केस वाकडे झाले की बदली कंगव्याच्या दात्यांवर. तिथून मिक्सरच्या भांड्याच्या खाचा, मग नळाची तोटी, मग सायकलची साखळी. एव्हाना केस पार झडलेले असतात, पण दांड्याला भोक असतं. त्या भोकात नाडी अडकवली की पायजम्याच्या नेफ्यातून ती सरसर निघते. हल्ली ब्रशच्या दांड्याला भोक नसतं, हा काकांच्या मते देशाच्या अधोगतीचा पुरावा. ते तापवलेल्या खिळ्यानं स्वतः पाडून घेतात.

बनियनचा प्रवास सगळ्यांनाच ठाऊक आहे: अंगावरून ओट्यावर, ओट्यावरून स्कूटरवर. पण काका पँटही सोडत नाहीत. गुडघ्याखालचा पाय कापला, एक टोक शिवलं, दुसऱ्याला पट्टा लावला की बाजाराची पिशवी तयार. एका पँटीच्या दोन पिशव्या आणि वर नातवाला हाफपँट. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि भाजीवाला कॅरीबॅग द्यायला घाबरू लागला, तेव्हा सोसायटीतल्या बायका काकांच्या दारात उभ्या होत्या. काकांनी एकेकीला पिशवी दिली, पण नोंदवहीत सही घेऊन. आठवडाभर आमच्या मंडईत काकांच्या जुन्या टेरिकॉटच्या पँटी कोथिंबीर घेऊन हिंडत होत्या. एका पिशवीला तर मागचा खिसाही होता. सुट्टे पैसे ठेवायला.

या घरात पाहुण्यांनी एकच नियम पाळायचा: डब्यावर जे लिहिलंय ते सोडून आत काहीही असू शकतं. बोर्नव्हिटाच्या बाटलीत गोडा मसाला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुया, दोरे आणि तीन पिढ्यांची बटणं. फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा डबा दिसला की नातू धावतो. आत खवलेलं खोबरं. श्रीखंडाच्या डब्याकडे तर तो आता बघतही नाही. त्यात कढीपत्ता असतो, हे त्याला बोलायला लागायच्या आधीपासून माहीत आहे.

लग्नपत्रिका टाकता येत नाही, कारण तिच्यावर गणपती असतो. काका गणपती कापून वहीत चिकटवतात, पाठकोऱ्या भागावर किराण्याची यादी करतात आणि पाकीट उलटं करून आहेराला वापरतात. त्यामुळे एखाद्या लग्नात काकांचं पाकीट उघडलं की आतून दुसऱ्याच कुणाचा तरी 'शुभविवाह' बाहेर येतो. वाढदिवसाला भेटवस्तू उघडायची असेल तर काका आधी ब्लेड मागवतात. कागद न फाटता चिकटपट्टी सुटेपर्यंत मूल रडून झोपी जातं.

सगळेच प्रयोग यशस्वी होतात असं नाही. कुत्र्यांना हाकलण्यासाठी गेटपाशी लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या; कुत्री त्यांना टेकून झोपतात. कबुतरं पळावीत म्हणून गॅलरीत जुन्या सीडी टांगल्या. कबुतरं आता तिथे येऊन आधी स्वतःला निरखतात आणि मग पुढच्या कामाला लागतात. काका खचत नाहीत. "सीडी फुकट गेली का? आरसा झाला ना!"

काकांचं दैवत चंदीगडला आहे. सहलीत सगळे सुखना तलावावर नावेत बसले, काका रॉक गार्डनमधून हलेनात. नेकचंद हे रस्ते निरीक्षक, म्हणजे सरकारी नोकर. त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेचं निकामी सामान जमवून सरकारी जमिनीवर कुणाला न सांगता अख्खी बाग उभी केली आणि 1976 मध्ये सरकारनंच ती लोकांना खुली केली, ही हकिगत काका डोळ्यांत पाणी आणून सांगतात. दुसरं दैवत पुण्याच्या आयुका या विज्ञानसंस्थेत होतं. अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून मुलांना भूमिती दाखवली. नेकचंदांना 1984 मध्ये पद्मश्री, गुप्तांना 2018 मध्ये. "आमच्या खात्याला दोन पद्मश्री मिळाल्यात," काका म्हणतात.

"त्यांनी बाग केली, खेळणी केली," काकू आतून म्हणतात. "तुम्ही माळा केलाय."

काकूंचं म्हणणं खोटं नाही. त्या माळ्यावर कुकरच्या सैल झालेल्या रिंगा आहेत, छत्रीच्या काड्या आहेत, आणि झाकणांची एक गोणी आहे. त्यातलं एकही झाकण घरातल्या एकाही डब्याला बसत नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. एखादी वस्तू खरोखर लागली तर काका ती देत नाहीत. मागे मला हातभर सुतळी हवी होती. काकांकडे सुतळीचा नारळाएवढा गुंडा आहे. काका कासावीस झाले. "दिली असती हो, पण उद्या लागली तर?"

हा कंजूषपणा नव्हे. चहाला बसवल्याशिवाय ते कुणाला सोडत नाहीत, आणि चहाबरोबर चिवडाही असतो, फक्त तो बेबी पावडरच्या डब्याच्या झाकणात येतो. काकांचं बालपण अशा घरात गेलं, जिथे मोठ्या भावाचा सदरा धाकट्यांवरून उतरत उतरत शेवटी गोधडीत जायचा, शर्टाची कॉलर उलटवून पुन्हा शिवली जायची आणि तेलाच्या पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यात तुळस लावली जायची. तेव्हा या सगळ्याला कुणी कौतुकानं काही म्हणत नव्हतं. परवा सूनबाईंनी प्रदर्शनातून दिवा आणला. सरबताची जुनी बाटली, तिला गुंडाळलेली सुतळी, आत बारीक दिव्यांची माळ. किंमत साडेअठराशे. सोबत 'अपसायकल्ड' असं छापलेला पुठ्ठा. काकांनी दिवा चारी बाजूंनी बघितला. तशा बत्तीस बाटल्या माळ्यावर होत्या. रात्री त्यांनी बत्तीस गुणिले साडेअठराशे केलं आणि काकूंना उठवून आकडा सांगितला. पुठ्ठा मात्र ठेवून घेतला. पाठकोरा होता.

काकूंकडेही एक उपाय आहे. पूर्वी त्या भांडेवालीला गाठायच्या, पण काकांनी दारात तिच्याशी अशी घासाघीस केली की तिनं आमची गल्लीच सोडली. आता काका सकाळी फिरायला गेले की काकू भंगारवाल्याला हाक मारतात. गेल्या महिन्यात जुना टेबलफॅन असाच गेला. वजनावर साठ रुपये आले.

आठवड्यानं काका घामाघूम होऊन जिना चढत होते. काखेत टेबलफॅन. भंगारवाला त्यांचा जुना दोस्त; चांगला माल आला की तो आधी काकांना दाखवतो. "शंभरात दिला!" काका हर्षानं म्हणाले. "आपल्याकडे होता ना, अगदी तस्सा. त्याचेच पार्ट याला लागतील."

काकू काही बोलल्या नाहीत. काका पंखा घेऊन माळ्याकडे गेल्यावर त्यांनी मला हिशेब सांगितला: "साठ आले, शंभर गेले. चाळीस रुपयांत आठवडाभर जागा मोकळी मिळाली. आता पुढच्या सोमवारी शिवणयंत्र पाठवते."