माप मिशीचं

२०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र निघालं १.३४ हेक्टर, जेमतेम सव्वातीन एकर. तरी आमच्या भाऊंना ट्रॅक्टर हवा पन्नास एचपीचा. चोवीसचा मिनी म्हणजे म्हणे खेळणं, पाहुण्यांत काय दिसेल? आता द्राक्षबागेत दोन ओळींत अंतर नऊ फूट, वर मांडव. भाऊंचं धूड आत शिरलं की ओलांडे मोडतात आणि वळायला शेजाऱ्याचा बांध लागतो. मग फवारणीला त्याच शेजाऱ्याचा मिनी भाड्यानं येतो. पन्नासचा दारात उभा: बोनेटला वाळका हार, बँकेचा हप्ता मात्र ताजा. जमिनीचं माप सातबाऱ्यावर मिळतं. ट्रॅक्टरचं आपण मिशीवरून घेतो.