सुट्टीचे मुकादम

आमच्या घरात कोकणात जायचं असं कधी ठरत नाही. कोकणात जायचा प्रस्ताव सादर होतो. तो मधले मामा सादर करतात, तांत्रिक मान्यता तेच देतात आणि प्रशासकीय मान्यतेसाठी कागद आजीपुढे ठेवतात. "मला कशाला विचारतोस? मी का येणारे एवढ्या लांब?" असं आजी म्हणाली की प्रस्ताव मंजूर. आजी दर वेळी येते, आणि खिडकी तिलाच लागते.

मामांची हयात पाटबंधारे खात्यात गेली. कालव्यांची कामं वेळेत झाली नाहीत त्याचा वचपा ते आता आमच्यावर काढतात, असं मामी म्हणते. मला ते पटत नाही. वचपा काढणाऱ्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद नसतो.

असं एक माणूस बहुतेक घरांत सापडतं. कुठे काका, कुठे थोरले जावई. हल्ली काही घरांत ती सून असते आणि तिच्याकडे एक्सेल शीट असते. ओळखायचं असेल तर सहलीचे फोटो काढून बघावेत. जो एकाही फोटोत नाही, किंवा असलाच तर घड्याळाकडे बघतोय, तो मुकादम.

मामांच्या लेखी सहलीचा सर्वांत रम्य भाग म्हणजे तिकीट काढणं. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी खुलं व्हायचं. मेमधल्या तारकर्लीसाठी मामा जानेवारीतच मफलर गुंडाळून, सकाळी आठच्या ठोक्याला संगणकापुढे बसायचे. शेजारी चहा, समोर सगळ्यांची नावं वयांसकट लिहिलेला कागद, आणि एक भाचा फोनवर राखीव फळी म्हणून. तिकीट हाती आलं की पुढचे चार महिने ते आतल्या आत कोकणातच असत. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने ही मुदत ६० दिवसांवर आणली. लोकांना बरं वाटलं. मामा मात्र "निम्मी सहल कापली" म्हणाले आणि आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत.

तिकिटानंतर फोल्डर उघडतं. त्यात प्रवासाचा कागद असतो, खोल्यांचा असतो, पण खरी कारागिरी जेवणाच्या कागदात. सोमवारी माझी आई मासे खात नाही. मंगळवारी मोठी मामी नाही. गुरुवारी आजी, शनिवारी मावशीचे यजमान, आणि संकष्टीला मधली मामी. शुक्रवारी जायचं, रविवारी यायचं असं केलं तर मधला शनिवार मावशीच्या यजमानांचा. अशी वजाबाकी करत करत मामा बुधवारावर येतात. आमचं सबंध खानदान एका टेबलावर सुरमई खातं तो सहलीतला एकमेव दिवस. त्यामुळे मालवणात आम्ही बुधवारीच असतो, आणि बाकीची सहल त्या बुधवाराच्या दोन्ही बाजूंना बेतलेली असते. खानावळवाल्याला 'दहा सुरमई, एक व्हेज' असं पंधरा दिवस आधी कळवलेलं असतं. व्हेज मामा स्वतः. त्यांना मासे सोसत नाहीत.

निघायच्या दिवशी मांडवी एक्सप्रेस यायच्या तासभर आधी आम्ही ठाण्याच्या फलाटावर. गाडी वेळेआधी सुटत नाही, हे मामांना शास्त्र म्हणून मान्य आहे, धोरण म्हणून नाही. आणि मांडवीची तर ख्यातीच खाण्याची! गाडी हलली की गरम काहीतरी घेऊन माणसं डब्यातून फिरायला लागतात, ती थेट गोव्यापर्यंत. आमच्या कागदावर मात्र सकाळच्या रकान्यात 'दशम्या, शेंगदाण्याची चटणी (घरची)' अशी नोंद. कटलेटवाला समोरून जातो. परत येतो. पुन्हा जातो. अखेर आजीच म्हणते, "अरे, मला गोळी घ्यायचीय. उपाशीपोटी चालत नाही." आत्ताच दोन दशम्या झाल्यात, असं तिला सांगण्याची कोणाची छाती नसते. तिचं कटलेट आकस्मिक खर्चात पडतं, आणि मग बाकीचे सगळेही एकेक करून आजारी पडतात.

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांब, कोकण रेल्वेवरचा सर्वांत मोठा. तो जवळ आला की मामा झोपलेल्यांना उठवतात. आमच्या आणि शेजारच्याही. "उठा, करबुडे आलं!" सगळे दचकून उठतात, खिडकीला नाक लावतात. बाहेर मिट्ट काळोख. तो बराच वेळ बघायचा. त्या काळोखात मामा खडक कसा फोडला, पाणी कसं झिरपलं, अस्तर कसं केलं हे गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवून सांगत असतात. रत्नागिरीनंतर पानवलचा ६४ मीटर उंच पूल येतो आणि तो खरोखर बघावा असा आहे, पण तोवर सगळे पुन्हा झोपलेले असतात आणि मामा फलाटावर घेतलेल्या आंब्यांचा हिशेब लिहीत बसलेले.

तारकर्लीच्या घरगुती निवासात पोचल्यावर कोणी बाथरूमला जायच्या आत मामा नायलॉनची दोरी काढतात. व्हरांड्याच्या खांबापासून पोफळीपर्यंत ती ताणून बांधतात, दोन बोटांनी छेडून बघतात. मालकीणबाई दर वर्षी सांगतात, "काका, मागच्या परसात तार आसा हो." मामा मान डोलावतात आणि गाठ आणखी आवळतात. ओल्या कपड्यांबाबत दुसऱ्याच्या तारेवर विसंबणं त्यांना मंजूर नाही.

आणि मग समुद्र. समुद्रात कधी उतरायचं हे आम्ही ठरवत नाही, पंचांग ठरवतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना ठोकताळा मामांनी असा काही आत्मसात केला आहे की पोरांनी "मामा, जाऊ?" विचारलं की ते आधी "आज काय?" असं विचारतात. "संकष्टी." "म्हणजे चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती. नऊला पूर्ण ओहोटी, तिथून पाणी चढणार. ओसरत्या पाण्यात जायचं नाही, चढत्या पाण्यात जायचं. दहा ते अकरा चाळीस." गणित चोख असतं. स्थानिक नाववालेही त्यांच्याशी तिथीबद्दल बरोबरीच्या नात्याने बोलतात. आमच्या मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं ॲप आहे. त्याची वेळ मामांच्या वेळेशी जुळली तर मामा ॲपला शाबासकी देतात.

पण दहा ते अकरा चाळीस मामा स्वतः काय करतात, ते बघण्यासारखं आहे. ते किनाऱ्यावर वर्तमानपत्र पसरून, समुद्राकडे पाठ करून बसतात. समोर सामान. मोबाइल, चष्मे आणि आजीची कवळी एका प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांच्यापुढे आम्हा सगळ्यांच्या चपला, माणशी जोड, उंचीप्रमाणे ओळीत मांडलेल्या. दर दहा मिनिटांनी मामा हजेरी घेतात. माणसं लाटांत एका जागी उभी राहत नाहीत, मोजायला त्रास होतो. म्हणून ते चपला मोजतात. अकरा जोड भरले की समाधानाने मान हलवतात. कोणी वाहून गेलं असतं तरी हजेरी पूर्णच भरली असती, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला आजवर कोणी धजावलेलं नाही. अकरा चाळीसला शिट्टी. ओल्या अंगाने सगळे बाहेर. "आता वीस मिनिटं मोकळा वेळ. एन्जॉय करा!" हे ते ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात पूर्वी कालव्याची दारं उघडली जात असावीत. मोकळ्या वेळात काय करायचं ते न सुचून आम्ही सगळे तिथेच उभे राहतो, आणि वीस मिनिटं संपतात.

स्वतःचं वेळापत्रक मामा मोडतात ते एकाच ठिकाणी. सिंधुदुर्ग किल्ल्यात. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आम्ही महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघून, शिवराजेश्वराचं दर्शन घेऊन, सरबत पिऊन धक्क्यावर येतो. मामा अजून साखरबावीच्या काठाला वाकलेले. खडकाच्या पोटात गोडं पाणी टिकतं कसं, हे ते कोणातरी अनोळखी सांगलीकर कुटुंबाला सांगत असतात. होडीवाला हाका मारून थकतो. मामी म्हणते, "अहो, चला ना!" तर उत्तर येतं, "थांब गं, पाणी बघतोय." मला मामा सर्वांत आवडतात ते तिथे, कारण तिथे त्यांच्या हातात घड्याळ असूनही ते चालू नसतं.

एका दिवाळीत मामा अंदमानला निघाले. ट्रॅव्हल कंपनीबरोबर जावं असं मावशीने सुचवलं, तेव्हा "पैसे मोजून दुसऱ्याच्या शिस्तीत कशाला राहायचं?" असा त्यांचा सवाल होता. या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नाही. पहिले दोन दिवस ठीक गेले. सेल्युलर जेलमध्ये, सावरकरांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोठडीबाहेर, रांगेत पुढेही ठाणेकर आणि मागेही ठाणेकर निघाले. त्यांतल्या एकाशी तर मामांचा पार्किंगवरून जुना वाद होता. तिसऱ्या दिवशी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, गेलो. कागदावर लिहिलेलं: '५.०० चहा. ५.३० राधानगर किनारा. ६.०० सूर्यास्त.' वेळ तारकर्लीच्या अनुभवावरून काढलेली.

आता अंदमान बसलंय पार पूर्वेला, आणि घड्याळ चालतं आपलंच. नोव्हेंबरात तिथे पाचच्या आसपास सूर्य मावळतो. आम्ही चहा संपवून, केस विंचरून, पंचवीस-पन्नास फोटो काढायच्या तयारीने साडेपाचला राधानगरला उतरलो तर माणसांचे लोंढे उलटे परतत होते. मामा गाडीवाल्याकडे वळले. "सनसेट किधर है?" गाडीवाल्याने अंधाराकडे बोट दाखवलं. "सर, वो तो गया."

मामांना असं कोणी न सांगता गेलेलं चालत नाही. त्यांनी कागद उघडला, विजेरीच्या उजेडात ६.०० ची ओळ पुन्हा वाचली, आणि सूर्याकडून खुलासा मागवल्यासारखे क्षितिजाकडे बघत राहिले. रात्री जेवताना नवा प्रस्ताव आला. "सूर्यास्त हुकला तरी काही बिघडत नाही. इथे उगवतोही लवकर. उद्या चारला उठायचं, सूर्योदय बघायचा. सूर्य तोच, रंग तेच, फक्त दिशा उलट." चारला सगळे उठले. का उठले, हे मला आजही कळलेलं नाही. पाऊस पडत होता.

सिनेमाचंही तसंच. जाहिराती सुरू व्हायच्या अर्धा तास आधी आम्ही खुर्चीत. मध्यंतर व्हायच्या पाच मिनिटं आधी मामा सामोशांच्या रांगेत, पहिला नंबर. आणि सिनेमा संपायच्या आधी मामा बाहेर. पूर्वी लोकलसाठी, आता पार्किंगमधून गाडी काढायला. 'शोले' त्यांनी मिनर्व्हात पाहिला होता. तो तिथे पाच वर्षं चालला, पण ठाण्याची शेवटची लोकल पाच वर्षं थांबणारी नव्हती. मामा उठले तेव्हा जय पुलावर एकटा लढत होता. पुढे कित्येक वर्षांनी टीव्हीवर शोले लागला आणि कोणीतरी "बिचारा जय" म्हणालं, तेव्हा मामांनी विचारलं, "का? काय झालं त्याला?"

२०१६ साली 'सैराट' आला. आजीपासून पोरांपर्यंत आम्ही अख्खी रांग अडवून बसलो होतो. झिंगाटला पोरं नाचली, मामांनी चपला सांभाळल्या. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा. शेवटी शेवटी आर्ची-परश्याचा संसार मार्गी लागला, मूल झालं, घर झालं. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात आली, आर्चीने चहाचं आधण ठेवलं. "मिटलं एकदाचं," असं पुटपुटत मामा उठले आणि गाडी काढायला गेले.

पुढे काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आम्ही बाहेर आलो तेव्हा कोणाच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. आई पदराने डोळे पुसत होती, मामीचा हात थरथरत होता. फाटकाशी मामा गाडी सुरू ठेवून उभे, चेहऱ्यावर विजय. "बघा! पहिली गाडी आपली!" मग आमच्याकडे बघून, "एसी फार होता का आत?" कोणी बोलेना. शेवटी मामी म्हणाली, "नाही हो. छान होता सिनेमा."

त्यांना खरं सांगायची जबाबदारी कोणीच घेतली नाही. मामा मात्र लग्नामुंजीत भेटेल त्याला सांगत सुटले, "सैराट बघा. सहकुटुंब बघण्यासारखा. शेवटी माहेरचे कसे घरी येतात, अगदी गहिवरून येतं." त्यांच्या सोसायटीत एका जोडप्याच्या मुलीने नुकतंच घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि मुलगी-जावयाशी बोलणं बंद होतं. त्यांचं मन निवळावं म्हणून मामांनी पदरचे पैसे घालून चार तिकिटं काढली, दोन त्यांना आणि दोन मुलगी-जावयाला, शेजारशेजारच्या खुर्च्यांची.

ते जोडपं हल्ली जिन्यात मामांना पाहिलं की मान फिरवतं. मामांचा अंदाज आहे की जागा फारच पुढच्या मिळाल्या म्हणून.