कर्ता कोथरूडचा, कर्म पौडचं

मुळशी तालुक्याचं मुख्य गाव असलेल्या पौडमध्ये पोरांना 'मॉक' हा शब्द चांगला ठाऊक असतो. तलाठी भरतीची मॉक टेस्ट, पोलीस भरतीची मॉक टेस्ट, आणि पूर आला नसला तरी मॉक ड्रिल. त्यामुळे 'दे मॉक मी' या इंग्रजी वाक्याचा अर्थ कुणी 'ते माझी टिंगल करतात' ऐवजी 'ते माझी परीक्षा घेतात' असा लावला, तर पैकीच्या पैकी गुण द्यावेत. अर्थ खराच आहे.

व्याकरणाचा घोळ निराळा. मराठीत आपण एखाद्याला हसतो, त्याची टिंगल करतो. इंग्रजीत 'मॉक'च्या पुढे थेट माणूस येतो, 'लाफ'ला मध्ये 'ॲट' लागतो, 'मेक फन'ला 'ऑफ'. तो 'ॲट' राहून गेला की ऐकणारा हसतो. तेही मराठीत, प्रत्यय न चुकता.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी पौडचं पोरगं चांदणी चौक ओलांडून पुणे शहरात, म्हणजे कोथरूडला, शिरलं की वाक्यरचना ठरलेली: कर्ता कोथरूडचा, कर्म पौडचं, काळ रीती वर्तमान. कर्मणी प्रयोग मात्र पोरगं क्लासविना शिकतं: 'आय वॉज मॉक्ड.'

तेव्हा पौडकरांनो, शहरातून कुणी तुमचं इंग्रजी दुरुस्त करायला आलं, तर आभार माना, चहा पाजा आणि तालुक्याचं नाव मोठ्याने म्हणायला लावा. 'मुलशी' म्हणाला तर हसू नका. 'ळ' जमेपर्यंत मॉक टेस्ट घेत राहा.