तीन तोळे शेव

डॉक्टरांनी फरसाण बंद केलं नाही. “पाकिटावर लिहिलेलं वाचून खा,” एवढंच म्हणाले, आणि मला वाटलं, सुटलो. वाचनाची आवड मला लहानपणापासूनची. नागोठण्याच्या एसटी स्टँडवर गाडी लागेपर्यंत मी भेळेच्या पुडीचा कागदही सुरकुत्या काढून वाचतो.

शेवेच्या पाकिटामागचा तक्ता मुंगीच्या अक्षरात होता. 100 ग्रॅमला साडेपाचशे कॅलरी. हा आकडा मी बघून न बघितल्यासारखं केलं. शेजारचा रकाना जास्त समंजस होता: एका सर्व्हिंगमध्ये दिवसाच्या गरजेच्या 8 टक्के. दिवसाची गरज म्हणजे 2000 कॅलरी, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत धरलेलं आहे. फक्त 8 टक्के! उरलेल्या 92 टक्क्यांत दोन वेळचं जेवण, चहा आणि पेणचे पोह्याचे पापड आरामात बसत होते. मग तळाची ओळ दिसली. सर्व्हिंग 30 ग्रॅम, पाकिटात अंदाजे 7. ते पाकीट मी एका चहाबरोबर एकटा संपवतो.

पण 30 ग्रॅम म्हणजे नेमकं किती? वाण्याला विचारलं, तर तो म्हणाला, “एवढ्याला आमचा काटा हलत नाही.” एवढ्याला हलणारा काटा बाजारपेठेत एकाकडेच असतो. शेवेची पुडी खिशात घालून मी सोनाराच्या गादीवर जाऊन बसलो.

“काय, मोड आणलीत का?” सोनारशेठनी विचारलं. मी पुडी सोडली. शेजारी मंगळसूत्राच्या वाट्या बघत बसलेल्या बाई जरा लांब सरकल्या. शेठनी मात्र शांतपणे काट्याच्या काचेच्या पेटीत कागद ठेवला, वजन शून्यावर आणलं आणि चिमट्याने शेव सोडायला सुरुवात केली. आकडा 30 वर थांबला तेव्हा कागदावर जे होतं, ते पाकिटात हात घातल्यावर माझ्या एका मुठीत येतं. खरं तर मूठ त्याहून थोडी मोठीच.

“तीन तोळे भरले. घडणावळ लावू?”

मी चष्मा पुसून पुन्हा बघेपर्यंत आकडा 28 वर आला होता. “घट धरावी लागते,” शेठ म्हणाले. त्यांचं तोंड भरलेलं होतं.

अमेरिकेत ही भानगड कायद्यानेच सोडवली आहे. माणसाने किती खावं ते नाही, तर माणसं साधारण किती खातात ते बघून लेबलावरची सर्व्हिंग ठरवायची, असा तिथे 1990 चा कायदा आहे. 2016 मध्ये त्यांनी आइस्क्रीमची सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन-तृतीयांश कप केली. माणसं ऐकेनात, म्हणून लेबल नमलं. मला यात फार आशा दिसते. आपणही चिकाटीने खात राहिलो, तर शेवेची सर्व्हिंग कधी ना कधी 200 ग्रॅम होईल. मी माझा वाटा उचलतोच आहे.

तोवर नियम म्हणजे नियम. जानेवारीत रोह्याचे मेहुणे पोपटीला आले, तेव्हा चहाबरोबर मी प्रत्येकाच्या बशीत डोळ्यांच्या अंदाजाने तीन-तीन तोळे ठेवले. मेहुण्यांनी बशी कपाळाला लावली आणि विचारलं, “पूजा कधी झाली?” आतून बायको आली. एक शब्द न बोलता तिने अख्खं पाकीट त्यांच्या बशीत उपडं केलं. इथे सर्व्हिंग वाढणारी ठरवते, आणि तिच्या हातात काटा नसतो, डाव असतो.

रात्री शेतावर मडकं फुटलं. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वर भांबुर्ड्याचा आणि ओव्याचा वास. मडक्यावर तक्ता नसतो, हे पोपटीचं मोठं सुख. पण शेंगांचा एक दगाबाजपणा आहे: खाल्लेलं सगळं सालींच्या ढिगात मागे उरतं. मेहुण्यांच्या पुढ्यात ओंजळभर साली होत्या. माझ्या पुढ्यात दिसत होता तो ढीग लेबलावर छापायचा, तर ‘अंदाजे 7’ने भागलं नसतं. अंधाराचा फायदा घेऊन मी पायाने थोडा ढीग मेहुण्यांकडे सरकवला.

“अहो,” पलीकडून बायको म्हणाली, “टॉर्च धरते, नीट सरकवा.”