ऑर्गनला दम लागला त्याची गोष्ट

पनवेलजवळच्या पळस्पे गावात उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचं गुरुकुल होतं. रुद्रवीणा शिकवणाऱ्या या उस्तादांकडे नॅन्सी लेश नावाची अमेरिकन बाई चेलो घेऊन आली. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीत बसून, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा. बाईंनी खुर्ची सोडली, जमिनीवर बैठक मारली आणि त्याच चेलोवर धृपदाचा आलाप काढला. १९९० साली उस्ताद गेल्यावर त्यांचे धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन डागर यांच्याकडे बाईंनी तालीम चालू ठेवली.

हे वाचून मला चेव आला. त्यात कौतुक थोडं आणि हिशेब जास्त. अमेरिकेत जन्मलेल्या बाईंना हे जमतं, तर आपण थेट चंद्रपुरात जन्मलो. आपल्याला पाळण्यातच निम्मा अभ्यासक्रम झालेला असणार! (पाळण्यात मी ऐकला तो कोळसाखाणीचा भोंगा. पण तो माझ्यापेक्षा सुरात असतो, असं पुढे गुरुजींनी सांगितलं.)

मी गिटारवाला. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो, नागपूरला जाऊन लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची ग्रेड परीक्षा दिलेली. कागदावरचे टिपके बघून वाजवणारा आमच्या गल्लीत मी एकटाच. म्हणजे गल्लीपुरता पाश्चात्त्य संगीतकार.

रागदारी शिकायला मी एक गुरुजी गाठले. त्यांचा वर्ग पहाटे पाचला भरायचा, कारण एप्रिलमध्ये पारा पंचेचाळिसावर चढला की दुपारी माणूसही सुरात राहत नाही. त्यांनी सांगितलं, "सा लाव." मी सा लावला आणि सवयीने त्याच्याखाली एक भरगच्च कॉर्ड दिली. गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं, तल्लीन झाले.

"एकटा सा लाव ना बाबू. त्याले सोबत कायले पायजे? लहान लेकरू हाये का तो?"

एकटा सा लावणं यासारखी अवघड गोष्ट नाही. दोन स्वर असले की एकाची चूक दुसऱ्यावर ढकलता येते. त्यात गावाच्या उशाशी २९२० मेगावॉटचं वीज केंद्र असूनही ऐन खर्जात वीज जायची आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा मुका व्हायचा. मग खोलीत माझाच सा उरायचा, उघडा.

मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, तर गिटारचे पडदे आडवे आले. मी गुरुजींना ऐकवलं की ब्रिजभूषण काबरांनी गिटार आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांब फिरवून तिला रागदारी शिकवली; १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका ऐका. गुरुजी म्हणाले, "मंग तूबी झोपव तिले." मी झोपवली. नळाच्या पाइपाचा तुकडा तारांवर फिरवला. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "मांजर अडकलं का जी कुठं?"

एवढ्या तयारीवर मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलुखात पोचलो.

झालं असं की गुरुजींचे एक दोस्त वडशाच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन मास्तर होते. दिवाळी ते होळी त्या भागात नाटकांचा हंगाम. धान निघालं, मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) ठरला, की रात्री नाटक हवंच. दहा-साडेदहाला घंटा होते आणि नाटक संपतं पहाटे. लोक चादरी-घोंगड्या घेऊनच येतात. ऐन हंगामात मास्तर तापाने पडले. गुरुजींनी माझं नाव सुचवलं. "ऑर्गन सायबाचंच वाद्य. तुले तर घरचंच."

तसं ते खरंही आहे. ऑर्गनच्या भावकीतल्या हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये निघालं. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं या परदेशी पेटीला दाराबाहेर उभं केलं. झाडीपट्टीने असली चौकशी कधी केली नाही. पुण्या-मुंबईत ऑर्गन आता कौतुकाने दाखवायची वस्तू झालाय. इथे तो अजून पोटापाण्याला लागलेला आहे.

आरमोरीच्या पुढच्या एका गावात, मंडपात, मी त्या ऑर्गनसमोर बसलो. स्वरलिपीचा कागद मागितला. तबलजी हसले. "कागद कायचा जी? बाई गातीन, तुमी मांगं मांगं या." पट्टी विचारली. "काळी चार." गिटारवर काळी चार कुठे असते, याचा मी शोध घेईपर्यंत पडदा उघडला होता.

खरी गंमत पायात होती. ऑर्गनला खाली दोन पायटे. डावा-उजवा आळीपाळीने, संथ, न थांबता दाबत राहायचे, म्हणजे भात्यात हवा राहते. आणि माझे पाय ट्रिनिटीचे! बोटं हलली की पाय चाराचा ठेका धरतो. बाईंचं गाणं दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांचं. मी चार ठोके देऊन थांबायचो, तिथे भाता रिकामा व्हायचा. ऑर्गन दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला. नायिका मेलेल्या नवऱ्यासाठी भैरवीत टाहो फोडत होती. ऑर्गनचा श्वास सावरावा म्हणून मी एक कॉर्ड दाबली. मेजर. भैरवीच्या कोमल गंधारावर माझा शुद्ध गंधार धाडकन आदळला. बाईंनी पदर डोळ्यांवरून काढून माझ्याकडे पाहिलं. प्रेत झालेल्या नटाचं पोट हलताना मला स्पष्ट दिसलं.

त्या प्रवेशात विनोदी नटाचं काही काम नव्हतं. तो विंगेतून आलाच. "पाटलीनबाई, मालक तं गेले. पन ह्या पेटीले आधी दवाखान्यात न्या वो!"

मंडपात झोपलेलेही उठून बसले. शिट्ट्या पडल्या. वन्समोअर मिळाला, तोही माझ्या कॉर्डला.

दुसऱ्या अंकाला मास्तरांचा शाळकरी मुलगा ऑर्गनवर बसला. पाय पायट्यांवर जेमतेम टेकत होते. पण बाईंनी तान कुठे सोडली आणि कुठे उचलली, हे त्याला त्यांच्याआधी कळत होतं. मला मॅनेजरने विंगेत नेलं आणि पडद्याची दोरी हातात दिली. ओढायची, सोडायची. सुदैवाने तिला स्वर नव्हता.

पहाटे हिशेब झाला. झाडीपट्टीत एका प्रयोगाच्या पैशाला 'नाइट' म्हणतात. ऑर्गनची माझी नाइट एका अंकापुरती कापून मिळाली, पडद्याची पूर्ण. मॅनेजर नोटा मोजत म्हणाले, "पुढल्या शुक्रवारी कुरखेड्याले नाटक हाये. पडद्यावर येता का जी? हात चांगला हाये तुमचा."

मी तारीख बघून सांगतो म्हणालो. भाव थोडा वाढवून मागायचा विचार होता.