गोंडीच्या चौकोनांबाबत खुलासा

प्रति : गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव येथील आणि माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला येणारे समस्त मोबाईलधारक
विषय : मोबाईल गोंडीतून चालू होण्यास लागलेला विलंब

गोंडी लिपीला मोबाईलवर येण्यास उशीर झाला, ही तक्रार रास्त आहे. मात्र हा तिचा पहिला उशीर नव्हे. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी ती 1918 साली घडवली. संगणकाला अक्षर ओळखू यायचे तर त्याला युनिकोडचा क्रमांक लागतो. मसराम गोंडीला तो जून 2017 मध्ये मिळाला. शंभरी भरू दिली नाही, या तत्परतेची अर्जदारांनी नोंद घ्यावी. रघुनाथ मुर्मूंची संथाली लिपी ओल चिकी 1925 ची, म्हणजे सात वर्षांनी लहान. तिला क्रमांक 2008 सालीच लागला. धाकटी आधी उजवली गेली, एवढेच.

क्रमांकानंतर फाँट लागतो, कीबोर्ड लागतो आणि अक्षरे जोडण्याचे नियम लागतात. देवनागरीचे नियम उसने घेऊन भागत नाही. देवनागरीत रफार ‘र’ आणि हलन्त यांतून तयार होतो, मसराम गोंडीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. गूगलच्या नोटो मालिकेत फाँट तयार आहे आणि तो फुकट मिळतो. जुन्या हँडसेटमध्ये तो नसतो, म्हणून तिथे ‘जय सेवा’ हा गोंडी नमस्कार लिहून पाठवला तर समोरच्याला रिकामे चौकोन दिसतात.

शिवाय गोंडीला लिप्या दोन. आदिलाबादकडच्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांमधली लिपी 2018 मध्ये युनिकोडात दाखल झाली. लिहिणारे बहुतेक जण देवनागरीतच लिहितात, ते वेगळेच. तेव्हा अर्जदारांनी आधी आपसांत ठरवून यावे, असे म्हणण्याची उत्तम सोय झाली आहे.

भाषिकांची संख्या कमी, हे कारण मात्र देता येत नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 30 लाख होते. बोडो बोलणारे त्यांच्या निम्मे, तर संस्कृत मातृभाषा सांगणारे 24,821. या दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत आहेत, गोंडी नाही. ‘सर्व भारतीय भाषांत उपलब्ध’ अशी जाहिरात करणारा बहुधा हीच यादी पुढे ठेवतो. खरी अडचण इथे आहे. फाँट आणि रफार हे सांगायला बरे वाटणारे तपशील.

गोंदियाचे नाव गोंडांवरून पडले की गोंद म्हणजे डिंकावरून, हा वाद जुना आहे. प्रस्तुत प्रकरण ज्या रीतीने चिकटून बसले आहे, ते पाहता डिंकाचा पक्ष बळकट दिसतो.

अनुसूचीत नाव आल्यावर अर्ज पुन्हा करावा. तोवर जुन्या हँडसेटवर दिसणारे चौकोन हीच अर्जाची पोच समजावी.