आधी गटार दाखवा

रस्त्याला खड्डा पडला की पंचनामा ठरलेला असतो. आरोपी पाऊस. दरवर्षी जूनमध्ये हजेरी लावणारा हा गृहस्थ दरवर्षी ‘अचानक’ आलेला असतो, आणि बिचाऱ्याची बाजू मांडायला वकीलही मिळत नाही.

ताज्या खड्ड्याच्या काठावरची सुटी खडी एकदा हातात घेऊन बघा. डांबराचा मागमूस नाही, लख्ख धुतलेला राखाडी दगड. १५० अंशांच्या आसपास तापवून अंगावर चढवलेले डांबर गेले कुठे? दगडाला मुळात डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. जरा फट मिळाली की पाणी दोघांच्या मध्ये शिरते, डांबराचा पातळ थर सोडवते आणि खडी मोकळी होते. आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट त्यातल्या त्यात निष्ठावान. गारगोटीच्या जातीचा दगड डांबराची साथ फार लवकर सोडतो. पण खडी धुळीने माखलेली किंवा ओली वापरली, तर बेसाल्टची निष्ठाही टिकत नाही.

आत शिरायला पाण्याला भगदाड लागत नाही. रोलर घाईघाईत फिरला आणि थरात पोकळी शेकडा ८ च्या वर राहिली, तरी त्याचे भागते. मग ट्रकचे चाक पुढे पाणी आत दाबते आणि मागे वर ओढते. भेगेतून तांबूस चिळकांडी उडाली, की खालचा मुरूमही निघाला समजावे.

यावरचा उपाय जुनाच आहे. रस्ता मध्ये उंच, कडांना मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार, आणि उतरलेल्या पाण्याला जायला गटार. आपल्याकडे मात्र साइडपट्टी रस्त्याहून उंच, गटाराची जाळी त्याहून उंच, आणि मधोमध कोणाच्या तरी केबलचा चर. पाण्याने जायचे म्हटले तरी कुठून जावे?

पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली दहा वर्षांच्या हमीने झाला आणि हमी संपल्यावरही कित्येक वर्षे बिनखड्ड्याचा राहिला. त्याच्यावरही पाऊस पुण्याचाच पडत होता.

तेव्हा तुमच्या गल्लीत डांबरीकरणाचा नारळ फुटेल, तेव्हा कार्पेट किती इंची आहे ते मागाहून विचारा. आधी विचारा, पाणी कुठून जाणार? उत्तर देताना साहेब आभाळाकडे बघू लागले, तर तो रस्ता पुढच्या जूनपर्यंतचाच.